निरोप कोठे अडला?



पत्र पेटीत टाकले की आपले काम संपले, असे आपण मानतो आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरते. पेटीत पडलेले पत्र आणि माणसाच्या हाती पोचलेले पत्र यांच्या दरम्यान किती हात, किती थैल्या आणि किती दारे असतात, याचा विचार मनात येतो तो पत्र न पोचल्यावरच. आज बँका, विमा कंपन्या, रुग्णालये आणि मोठमोठे व्यापारी यांचे संगणक अहोरात्र एकमेकांना अशीच पत्रे धाडीत असतात. या खात्यातून वजा झालेली रक्कम त्या खात्यात जमा करा. अमक्या रुग्णाच्या रक्ततपासणीचा निकाल तमक्या विभागात पोचवा. गोदामातला माल संपला, नवा मागवा. ही पत्रे मध्येच कोठे अडून राहिली, तर त्यांचा भार शेवटी माणसावर पडतो. निवृत्तिवेतनाची वाट पाहणाऱ्या वृद्धाला संगणकाची परिभाषा ठाऊक नसते. पैसे निघाले असे बँक म्हणते आणि आपल्याला ते मिळालेले नाहीत, एवढेच त्याला कळते.

संगणकांची ही टपालव्यवस्था सांभाळणाऱ्या प्रणालींना 'मेसेज क्यूइंग' म्हणतात. क्यू म्हणजे रांग, आणि मेसेज म्हणजे संदेश. या प्रणाली बसविताना त्यांना नावे, पत्ते, मर्यादा आणि परवानग्या यांच्याविषयी ज्या सूचना लिहून द्याव्या लागतात, त्या सर्वांना मिळून 'कॉन्फिगरेशन' हा शब्द आता सर्वत्र रूढ आहे. त्या सूचनांत चूक झाली तर ती कशी शोधावी आणि शोधताना काय टाळावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. पुण्याच्या अथवा हैदराबादच्या कार्यालयांत रात्रपाळी करून दूरदेशीच्या बँकांच्या या रांगा राखणारे मराठी तरुण-तरुणी आता थोडे नाहीत. घरी बसलेल्या आईवडिलांना आपले मूल रात्रभर नेमके काय करीत असते, याचाही यातून थोडा उलगडा व्हावा.

प्रथम रांग कशासाठी, ते पाहू. टेलिफोनवर बोलावयाचे असेल तर दोन्ही माणसे एकाच वेळी हजर असावी लागतात. पत्राचे तसे नसते. आपण पत्र टाकतो, आणि घेणारा झोपला असला, गावाला गेला असला, तरी ते त्याची वाट पाहत थांबते. दोन संगणकांमध्ये अशी सोय व्हावी म्हणून अमेरिकेच्या आयबीएम कंपनीने १९९३ साली 'एमक्यूसिरीज' या नावाने एक प्रणाली बाजारात आणली. इंग्लंडमध्ये विंचेस्टर शहराजवळ हर्स्ली येथे या कंपनीची प्रयोगशाळा आहे, तेथे तिची जडणघडण होत आली. २००२ साली तिचे नाव 'वेबस्फिअर एमक्यू' झाले आणि २०१४ पासून ती 'आयबीएम एमक्यू' या नावाने ओळखली जाते. 'रॅबिटएमक्यू', 'ॲक्टिव्हएमक्यू' अशी तिची भावंडेही आहेत. प्रत्येकाच्या रीती वेगळ्या, परंतु मूळ कल्पना सारखीच. आज आपण आयबीएम एमक्यूचेच उदाहरण घेऊ, कारण जुन्या व मोठ्या बँकांतून तिचा वावर अधिक आहे.

आता पत्राचा मार्ग लक्षात घ्या. मार्ग ध्यानात असल्यावाचून अडथळा सापडत नाही. प्रत्येक ठिकाणी एक 'क्यू मॅनेजर' असतो. त्याला आपण पोस्टमास्तर म्हणू. त्याच्या ताब्यात अनेक रांगा, म्हणजे टपालाचे खण, असतात. ज्या खणातून घेणारा आपली पत्रे उचलतो तो 'लोकल क्यू'. दुसऱ्या गावच्या खणाचा केवळ पत्ता लिहून ठेवलेली पाटी असते, तिला 'रिमोट क्यू' म्हणतात; तिच्यात पत्र राहत नाही, ती फक्त दिशा दाखविते. बाहेरगावी जावयाची पत्रे ज्या थैलीत साठतात ती 'ट्रान्समिशन क्यू'. थैली वाहून नेणारी गाडी म्हणजे 'चॅनेल'. पलीकडच्या गावी दारावर बसून येणाऱ्या गाडीला आत घेणारा पहारेकरी म्हणजे 'लिसनर'. त्याच्या दाराला क्रमांक असतो, त्यास 'पोर्ट' म्हणतात; या प्रणालीत प्रथेने तो क्रमांक १४१४ असतो. आणि ज्या पत्राचा पत्ताच लागत नाही ते जेथे ठेवतात ती 'डेड लेटर क्यू'. आपल्या टपाल खात्यातही न पोचलेल्या पत्रांसाठी असे कार्यालय पूर्वापार चालत आले आहे, हे आपणांस ठाऊक असेलच.

या सर्व व्यवस्थेत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. या टोकाच्या सूचना एक माणूस लिहितो आणि त्या टोकाच्या सूचना दुसरा माणूस लिहितो. कधी ते दोघे वेगवेगळ्या कंपन्यांत, वेगवेगळ्या देशांत असतात, आणि त्यांनी एकमेकांना पाहिलेलेही नसते. या टोकाच्या पाटीवर 'पलीकडच्या गावी अमुक नावाचा खण आहे' असे लिहिले, तर तसा खण खरोखर आहे की नाही हे प्रणाली त्या वेळी पडताळून पाहत नाही. ती लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवते. म्हणून यंत्रे शाबूत असतानाही संदेश अडतात तेव्हा पुष्कळदा मूळ कारण एकच निघते : दोन टोकांना वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या दोन करारांत कोठेतरी मेळ बसलेला नसतो. एका बाजूला एक नाव, दुसऱ्या बाजूला दुसरे. एका बाजूला मोठी मर्यादा, दुसऱ्या बाजूला लहान. एकाने कुलूप बदलले आणि दुसऱ्याच्या हाती जुनीच किल्ली राहिली.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. पाठविणाऱ्या कार्यक्रमाला 'संदेश स्वीकारला' असे उत्तर मिळाले, म्हणजे संदेश पोचला असे नव्हे. त्याच्या गावच्या पोस्टमास्तरने तो हाती घेतला, एवढाच त्याचा अर्थ. पुढचा सारा प्रवास अद्याप व्हावयाचा असतो. 'आमच्याकडून गेले' आणि 'आमच्याकडे आले नाही' ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात, आणि दोन कार्यालयांमधील अर्धी भांडणे एवढे न उमगल्यामुळे होतात. तेव्हा दोष कोणाचा, हा प्रश्न मागे ठेवून पत्र कोणत्या खोलीत आहे, हे आधी विचारावे.

संदेश अडला की प्रणाली बहुधा एक क्रमांक देते. २०३५ म्हणजे परवानगी नाही. २०५९ म्हणजे पोस्टमास्तर भेटत नाही. २०८५ म्हणजे या नावाचा खण माहीत नाही. २०५३ म्हणजे खण भरला. क्रमांकाचा अर्थ सांगणारी छोटी आज्ञा प्रणालीतच असते, त्यामुळे सारे पाठ करण्याची गरज नाही. परंतु क्रमांक म्हणजे निदान नव्हे. अंगात ताप आहे एवढे तापमापक सांगते. तो हिवतापाचा की विषमज्वराचा, ते वैद्याने शोधावयाचे असते. निदानासाठी 'एरर लॉग' म्हणजे चुकांची रोजवही उघडावी लागते. प्रत्येक क्यू मॅनेजर अशा तीन वह्या ठेवतो. पहिली भरली की ती दुसरीच्या जागी सरकते, दुसरी तिसरीच्या जागी, आणि सर्वांत जुना मजकूर जातो. म्हणून चूक घडल्यावर वही लौकर वाचावी, आणि ती दोन्ही टोकांची वाचावी. एका टोकाला फक्त 'गाडी परत आली' असे लिहिलेले असते; ती का परत आली याची नोंद पुष्कळदा समोरच्या टोकाच्या वहीतच मिळते.

आता नेहमी आढळणारे काही अडथळे मार्गाच्या क्रमाने पाहू.

पहिला अडथळा दारावरचा. २०५९ हा क्रमांक आला, किंवा नव्या आवृत्त्यांत २५३८ आला, तर एकेक पायरी तपासावी. क्यू मॅनेजर चालू आहे काय? असल्यास लिसनर चालू आहे काय? तो ज्या पोर्टवर बसला आहे तोच क्रमांक पाठविणाऱ्याने लिहिला आहे काय? आणि दोहोंच्या मध्ये असलेली संरक्षक भिंत, म्हणजे 'फायरवॉल', त्या पोर्टाकडे जाऊ देते काय? लिसनरच्या बाबतीत एक खोड ध्यानात ठेवण्यासारखी आहे. क्यू मॅनेजरबरोबर त्याने आपोआप जागे व्हावे, अशी सूचना स्पष्ट लिहावी लागते. ती नसेल तर तो हाताने उठवावा लागतो. महिनोन्‌महिने सर्व सुरळीत चालते. मग एके रविवारी संगणक बंद करून पुन्हा चालू करतात, आणि सोमवारी सकाळी कोणाचेही पत्र आत येत नाही. चूक बसविण्याच्या दिवशी झालेली असते. ती उघडकीस मात्र त्या सोमवारी येते.

दुसरा अडथळा नावांचा. या प्रणालीत नावातील रोमन लिपीची मोठी अक्षरे आणि लहान अक्षरे वेगवेगळी समजली जातात. शिवाय आज्ञा लिहिताना नाव एकेरी अवतरणचिन्हांत घातले नाही, तर प्रणाली सर्व अक्षरे परस्पर मोठी करून घेते. लिहिणाऱ्याला वाटते, आपण लहान अक्षरांचा खण केला. प्रत्यक्षात झालेला असतो मोठ्या अक्षरांचा. कार्यक्रम लहान अक्षरांनी हाक मारतो आणि उत्तर येते : २०८५. ज्यांना ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसाठी शाळेत गुण गमवावे लागले त्यांना ही शिस्त अपरिचित वाटू नये. चॅनेलचेही तसेच. पाठविणाऱ्या बाजूला आणि घेणाऱ्या बाजूला चॅनेलचे नाव अक्षरशः एकच असावे लागते. एका अक्षराचाही फरक पडला, तर 'असे चॅनेल पलीकडे नाही' असा निरोप घेऊन गाडी परत फिरते.

तिसरा अडथळा गाडीचा. पाठविलेला संदेश पलीकडे दिसत नसेल, तर प्रथम ट्रान्समिशन क्यू पाहावी. तेथे संदेश साठत असतील, तर गाडी निघालेली नाही हे उघड आहे. मग चॅनेलची स्थिती विचारावी. 'रनिंग' असेल तर ती धावते आहे. 'रिट्रायिंग' असेल तर ती पुनःपुन्हा प्रयत्न करीत आहे. 'स्टॉप्ड' असेल तर ती थांबविलेली आहे, आणि कोणी आज्ञा देईपर्यंत आपण होऊन निघणार नाही. 'इनॲक्टिव्ह' ही स्थिती दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. बराच वेळ टपाल नसले की गाडी विश्रांती घेते. परंतु नवे टपाल येताच तिला उठविण्याची सूचना ट्रान्समिशन क्यूवर लिहिलेली नसेल, तर ती विश्रांती संपतच नाही. प्रयत्नांचेही एक गणित आहे. नेहमीच्या मांडणीत चॅनेल प्रथम ६० सेकंदांच्या अंतराने १० वेळा प्रयत्न करते आणि नंतर १२०० सेकंदांनी, म्हणजे वीस मिनिटांनी एकदा. चूक दुरुस्त केल्यावर पाच मिनिटे वाट पाहून 'हा उपाय चुकला' असे ठरविणारे घाई करतात. उपाय बरोबर असतो, पण गाडी पुढच्या फेरीची वाट पाहत उभी असते. अशा वेळी ती हाताने सुरू करावी.

चौथा अडथळा पलीकडच्या गावचा. गाडी पोचली, परंतु पत्त्यावरचा खण सापडला नाही किंवा भरलेला निघाला, तर पत्र त्या गावच्या डेड लेटर क्यूमध्ये जाते. तेथे प्रत्येक पत्राला एक चिठ्ठी जोडलेली असते. तिच्यावर ते कोणत्या खणासाठी होते, केव्हा आले आणि का ठेवावे लागले, याची नोंद असते. ती चिठ्ठी वाचली की अर्धे काम होते. येथेही एक खोच आहे. नवा क्यू मॅनेजर तयार केला की त्याच्याबरोबर डेड लेटर क्यू तयार होते. परंतु 'तुझी डेड लेटर क्यू हीच' असे त्या क्यू मॅनेजरला निराळे सांगावे लागते. ते सांगितले नाही, तर पेटी जागच्या जागी असूनही पोस्टमास्तरच्या लेखी ती नसते. मग ज्याला जागा मिळत नाही असे एखादे जपून ठेवावयाचे पत्र हाती आले की सबंध गाडीच थांबते, आणि त्या एका पत्रामागे बिनदोष पत्रांची रांग लागते.

पाचवा अडथळा मर्यादांचा. साध्या संगणकांवर, काही बदल केला नसेल तर, एका रांगेत ५००० संदेश मावतात. त्यानंतर २०५३ येतो. घाईच्या माणसाला यावर मर्यादा वाढविणे हाच उपाय सुचतो, आणि क्वचित तो योग्यही असतो. परंतु आधी विचारावे की रांग भरली का? टपाल उचलणारा कार्यक्रम झोपला आहे काय? तसे असेल तर खण दुप्पट केल्याने एक दिवस मिळतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न दुप्पट होऊन समोर उभा राहतो. आकाराच्या मर्यादेची गोष्ट थोडी वेगळी आहे. एका संदेशाची नेहमीची मर्यादा ४ मेगाबाइट असते आणि ती १०० मेगाबाइटपर्यंत वाढविता येते. पण ही मर्यादा रांगेवर, क्यू मॅनेजरवर आणि चॅनेलवर अशी तीन ठिकाणी, आणि तीही दोन्ही टोकांना, स्वतंत्रपणे लिहिलेली असते. एके ठिकाणी वाढवून बाकीच्या विसरल्या, तर मोठी पेटी पहिल्या दारातून आत येते आणि दुसऱ्या दारात अडकते.

सहावा अडथळा परवानगीचा, आणि येथेच सर्वांत मोठा मोह आहे. २०३५ म्हणजे नकार. तो का दिला, हे पाठविणाऱ्याला मुद्दामच सांगितले जात नाही. अनोळखी माणसाला दारातून परतविताना पहारेकरी कुलपाची रचना समजावून देत नाही, तसेच हे आहे. कारण क्यू मॅनेजरच्या वहीत असते आणि ते तेथेच पाहावे. २०११ साली आलेल्या ७.१ या आवृत्तीपासून, नव्या क्यू मॅनेजरवर कोण कोणत्या चॅनेलने आत येऊ शकतो याचे नियम सुरुवातीपासूनच लागू असतात, आणि सर्वाधिकारी व्यक्तींना बाहेरून येण्यास त्यांत मनाई असते. २०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून नाव व परवलीचा शब्द तपासण्याचीही सोय आली. त्यामुळे जुन्या घरातून नव्या घरात आलेल्या कार्यक्रमांना हा २०३५ हमखास भेटतो. दुरुस्तीनंतरही नकार येत राहिला तर आणखी एक कारण संभवते. माणसाचा गट बदलला, तरी क्यू मॅनेजर जुनीच यादी मनात धरून बसतो. यादी पुन्हा वाचण्याची आज्ञा त्याला द्यावी लागते. गुप्तलिपीच्या प्रमाणपत्रांचेही असेच आहे. दोन्ही टोकांना एकच लिपीपद्धती ठरलेली असावी, प्रमाणपत्राची मुदत संपलेली नसावी, आणि नवे प्रमाणपत्र ठेवल्यावर तेही पुन्हा वाचावयास लावावे.

हे सर्व शोधण्यास कदाचित एक तास लागेल. पहाटेचे तीन वाजलेले असतात, दूरध्वनीवर चार वरिष्ठ 'झाले काय?' म्हणून विचारीत असतात, आणि दोन आज्ञांत सर्व काही मोकळे करता येते : नियम बंद करणे, आणि त्या कार्यक्रमाला सर्वाधिकार देणे. संदेश तत्काळ धावू लागतात आणि सर्वजण निजावयास जातात. हे 'तात्पुरते' केलेले असते. परंतु दुसऱ्या दिवशी त्याची आठवण कोणाला राहत नाही. ज्या खणांतून लोकांचे पगार आणि रुग्णांचे निकाल जातात, त्यांना त्या रात्रीपासून कुलूप नसते. अडलेले पत्र दिसते, म्हणून त्याची तक्रार होते. उघड्या दाराची तक्रार कोणी करीत नाही, आणि म्हणून ती चूक अधिक घातक. जी परवानगी हवी ती एका रांगेपुरती, एका कामापुरती द्यावी. त्याला थोडा वेळ लागला तरी चालेल.

आणखी दोन घाईचे उपाय सांगतो, कारण त्यांचे परिणाम मागे घेता येत नाहीत. पहिला, रांग रिकामी करणे. रांग तुंबली म्हणून ती एका आज्ञेने साफ करता येते. पण त्या आज्ञेने आतली पत्रे जाळली जातात. चाचणीच्या रांगेत हे ठीक आहे. खऱ्या रांगेत प्रत्येक संदेशामागे कोणाचा तरी पैसा, कोणाची तरी मागणी असते. दुसरा उपाय, संदेश हरवला असे समजून तो पुन्हा पाठविणे. समजा, एका कार्यालयाने शंभर निवृत्तांचे वेतन पाठविले आणि चॅनेल थांबले असल्यामुळे ते ट्रान्समिशन क्यूमध्ये पडून राहिले. पलीकडे काही पोचले नाही म्हणून कारकुनाने तेच शंभर संदेश पुन्हा धाडले. मग कोणीतरी चॅनेल सुरू केले. आता दोनशे संदेश निघतील, आणि घेणारा कार्यक्रम दुबार संदेश ओळखण्याइतका सावध नसेल, तर शंभर जणांना दुप्पट पैसे मिळतील. वाचून आनंद झाला तरी पुढे ते परत मागितले जातील, आणि म्हातारपणी त्यातले काही खर्च झालेले असतील. हे सारे केवळ एक रांग उघडून पाहिली नाही म्हणून. पुन्हा पाठविण्यापूर्वी पहिले पत्र कोठे आहे, ते शोधलेच पाहिजे.

चॅनेलचे अनुक्रमांक हा याच जातीचा विषय आहे. गाडी नेत असलेल्या संदेशांना दोन्ही टोके क्रमांक देतात. एक टोक जुन्या प्रतीवरून पुन्हा उभारले, किंवा आपत्तीच्या वेळी दुसऱ्या संगणकावर हलविले, तर दोन्हींचे क्रमांक जुळेनासे होतात आणि चॅनेल थांबते. क्रमांक पुन्हा जुळविण्याची आज्ञा आहे. पण ती देण्यापूर्वी, मध्येच अडकलेली एखादी खेप पोचली की नाही याची निश्चिती करून घ्यावी लागते. ती न करता क्रमांक जुळविले, तर तीच खेप दोनदा जाईल किंवा एकदाही जाणार नाही.

एक चूक अशीही आहे की ती घडताना कोणताच क्रमांक दाखवीत नाही. संदेश दोन प्रकारचे असतात : जपून ठेवावयाचे आणि तात्पुरते. नवी रांग करताना काहीच सांगितले नाही आणि कार्यक्रमानेही निवड रांगेवरच सोपविली, तर तिच्यातील संदेश तात्पुरते मानले जातात. क्यू मॅनेजर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की तात्पुरते संदेश टाकून दिले जातात. प्रणालीच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही. तिने सांगितल्याप्रमाणे केले. पण ते पैशाचे संदेश असतील, तर नुकसान झाल्यावरच हे कळते. म्हणून रांग तयार करतानाच विचारावे की, हे पत्र हरवले तर चालेल काय? चालत नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे.

आता या साऱ्याचे सार. संदेश अडला तर पत्राच्या मार्गाने, पहिल्या दारापासून, एकेक खोली पाहत जावे. क्रमांकाचा अर्थ पाहावा आणि दोन्ही टोकांच्या वह्या वाचाव्यात. काहीही बदलण्यापूर्वी आहे ती मांडणी लिहून ठेवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झाले, तर खरे कारण कोणते हे कधीच कळत नाही. बदल केल्यावर चाचणीच्या रांगेतून एक लहानसा संदेश पाठवून तो पलीकडे पोचल्याचे डोळ्यांनी पाहावे. बदलाचा उपयोग झाला नसेल, तर तो मागे घेऊन मगच पुढचा प्रयत्न करावा. आणि काम झाल्यावर चार ओळी लिहून ठेवाव्यात : काय झाले, का झाले, काय केले. पुढच्या रात्री जो कोणी त्या खुर्चीवर बसेल, त्याला त्या ओळी दिव्याप्रमाणे उपयोगी पडतील.

पत्र पाठविणारा आणि पत्र घेणारा या दोघांचीही ओळख या रांगा राखणाऱ्याला नसते. त्याच्या पडद्यावर केवळ आकडे असतात : इतके आले, इतके गेले, इतके उरले. परंतु उरलेल्या प्रत्येक आकड्यापलीकडे कोणीतरी बँकेच्या खिडकीशी उभे असते, कोणीतरी रुग्णालयाच्या बाकावर बसलेले असते. पोस्टमनच्या पिशवीतले पत्र पोस्टमनचे नसते. ते त्याच्या हवाली केलेले असते. एवढे ध्यानात ठेवणारा माणूस पहाटे तीन वाजतादेखील रांग साफ करण्याची आज्ञा देण्यापूर्वी ती एकदा उघडून पाहील.